पहिला विडा कुणाचा? नवख्या शेट्यांसाठी हातपुस्तक

हे पुस्तक उघडण्याआधी एक विडा लावा. खाऊ नका. तबकात ठेवून घरातल्या चार माणसांसमोर न्या आणि विचारा, आधी कुणी घ्यायचा? चौघेही ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ म्हणाले आणि खरोखरच कुणाच्या मनात काही राहिले नाही, तर पुस्तक मिटा आणि शेती करा. पण एखाद्या काकांनी हात पुढे करून मागे घेतला, काकूंनी त्यांच्याकडे पाहिले आणि रात्री पानावर कुणी कुणाशी बोलेना, तर तुमच्या घरात शेटेपणाचे बी आहे. पुढे वाचा.

मी बैहरचा. बालाघाट जिल्ह्यातल्या पठारावरचे हे तहसिलीचे गाव. बाजारात हिंदी, शेजारी पोवारी, हाटाच्या दिवशी गोंडी आणि आमच्या घरात गोंदियाकडून आलेली मराठी. माझा भाचा नुकताच एका व्यापारी मंडळाचा सचिव झाला. पहिल्या बैठकीहून आला तो हातपाय न धुताच म्हणाला, “मामा, दीड तास नुसता खुर्च्यांवरून गेला. भावाचा विषय निघालाच नाही.” मी म्हटले, “दीडच?” आणि हे लिहायला बसलो.

आमच्या गावाला या विषयातला जुना वारसा नाही, हे आधीच कबूल करतो. पुण्याच्या पेठांतले शेटे विड्यावरून भांडत होते तेव्हा इकडे नुसते सालाचे रान होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लछमन नाईक नावाच्या माणसाने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवली, आणि जिल्हा झाला तो १८६७ साली. त्याआधी इथे वाघ होते. वाघांत शेटे-महाजन नसतात. एका हद्दीत एकच.

सरावाचा पाठ

तरी अगदीच कोरी पाटी नाही. याच मैकल डोंगरांत अगरिया लोक दगडातून लोखंड काढत. जमिनीत भट्टी, कोळसा जंगलचा, भाता पायाने दाबायचा. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनने १९४२ साली त्यांच्यावर अख्खे पुस्तक लिहिले. त्याच्याही आधी, १९१६ मध्ये, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी त्यांच्या दोन पोटशाखा नोंदवल्या: पथरिया आणि खुंटिया. फरक काय? भाता जमिनीला घट्ट बसावा म्हणून पथरिया त्याच्या तोंडाशी मोठा दगड ठेवत, खुंटिया खुंटी ठोकत. बस. देव तेच, आग तीच, लोखंडही तेच. आणि दोन्ही शाखा एकमेकांच्या हातचे पाणीसुद्धा घेत नसत, असे हिरालाल लिहितात.

नवशिक्याने इथे हसू नये. दगड की खुंटी, हे ज्याला क्षुल्लक वाटते त्याला धंदा कळलेला नाही. काम एकच असले की माणसे वेगळी कशावरून ओळखायची? दगडावरूनच. हा पाठ दोनदा वाचा आणि मग पुण्याकडे चला.

तुम्ही नेमके कोण झालात

दख्खनच्या कसब्यात आणि पेठेत दोन वतने असत, शेट्याचे आणि महाजनाचे. गावाला जसा पाटील तसा पेठेला शेटे. आणि पाटलाशेजारी जसा कुलकर्णी तसा शेट्याशेजारी महाजन. गुजरातची गोष्ट वेगळी. तिकडे ‘महाजन’ म्हणजे व्यापाऱ्यांचा अख्खा संघच. आपल्याकडे तो एक माणूस, आणि त्याचे शेट्याशी पटत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, नाहीतर अहमदाबादेत जाऊन ‘महाजन कुठे राहतात?’ विचाराल आणि लोक तुम्हाला सबंध बाजार दाखवतील.

शेटेपण मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे पेठ वसवणे. ओसाड जागा पाहायची, सरकारकडून कौल, म्हणजे सवलतीचा लेखी करार, घ्यायचा, पहिली काही वर्षे कर माफ आणि पुढे चढत्या इस्ताव्याने, अशी बोली करायची आणि वाणी-उदमी, साळी, कासार, तांबट, तेली यांना बोलावून आणायचे. पुण्यात पेशव्यांच्या काळात हे धडाक्याने चालले. विसापुराची शुक्रवार पेठ झाली, मलकापुराची रविवार झाली. एकदा दुकाने लागली की तुमचे हक्क सुरू: पानवाल्याकडून पाने, तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, पेठेतल्या लग्नात टिळा आणि विडा. कागदावर सही येत नसेल तर काळजी नको. पाटलाची निशाणी नांगर, तुमची तागडी. तागडीचे चित्र काढायला शिका. दोन्ही पारडी सारखी आली पाहिजेत, निदान चित्रात तरी.

मान म्हणजे कागद

आता मुख्य गोष्ट. पुस्तकातले बाकीचे विसरलात तरी चालेल.

नवशिक्याला वाटते, तेल आणि पाने ही मिळकत आणि टिळा-विडा ही नुसती हौस. नेमके उलटे आहे. तेल वर्षभर कमी आले तर पुढच्या वर्षी मागता येते. पण एका लग्नात विडा आधी दुसऱ्याच्या हातात गेला आणि तुम्ही भलेपणाने दुसरा घेतलात, तर तो भलेपणा नव्हे. ती तुम्ही दिलेली साक्ष आहे. वीस वर्षांनी वाद उभा राहील तेव्हा पंच तुमची सनद मागतील. ती आगीत जळाली असेल, वाळवीने खाल्ली असेल, नाहीतर भाऊबंदाच्या पेटीत असेल. मग शेजारपाजारचे म्हातारे बोलावले जातील आणि त्यांना एकच विचारले जाईल, भोगवटा कुणाचा? म्हणजे विडा आधी कोण घेत आले? म्हातारे खरे सांगतील. अमक्याच्या लग्नात हे दुसरे होते, आम्ही पाहिले. गेले वतन.

म्हणून त्या काळची माणसे पानाच्या देठासाठी भांडत, असे म्हणणाऱ्या इतिहासकारांवर माझा विश्वास नाही. ती दफ्तर सांभाळत होती. ज्या बाजारात कागद जळतो, चोरला जातो आणि बनावटही निघतो, तिथे चारशे वऱ्हाड्यांसमोर घेतलेला विडा ही सगळ्यात पक्की नोंद. दरसाल नूतनीकरण, शिवाय जेवण.

याचा पुरावा पाहिजे तर जुनी खरेदीखते पाहा. अडचणीत आलेला पाटील अर्धी पाटीलकी विकायचा, तेव्हा जमिनीइतकाच तपशील मानाचा असे. कागदात नाव आधी कुणाचे, विडा आधी कुणी घ्यायचा, होळीची पोळी कुणाची, पोळ्याला दोघांचे बैल निघाले तर उजवीकडून कुणाचे आणि वाजंत्री कुणापुढे. शहाणी माणसे होती. ज्यावरून पुढे डोकी फुटणार ते आधीच लिहून ठेवायची. तरी फुटायची, ती गोष्ट निराळी.

भांडणाची रीत

आता तुमचा प्रतिस्पर्धी उभा राहिला. तो बहुधा तुमचा चुलतभाऊच असेल. परका माणूस इतका अभ्यास करीत नाही. हाणामारीने सुरुवात करू नका. ती मधल्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

आधी करीना लिहा. करीना म्हणजे आपली हकीकत. ती शक्य तितकी मागून सुरू करावी. पणजोबा, दुष्काळ, गाव ओसाड पडणे, परागंदा होणे, परत येऊन पाहतो तो वतनावर दुसराच बसलेला: एवढे सगळे आले म्हणजे करीना भरदार होतो. दुष्काळाशिवायचा करीना कुणी मन लावून ऐकत नाही.

मग राजीनामा द्या. थांबा, खुर्ची सोडू नका. तेव्हाचा राजीनामा म्हणजे ‘पंच देतील तो निवाडा आम्हांस मान्य’ असे दोन्ही बाजूंनी लिहून देणे. तेव्हा राजीनामा देऊन माणूस भांडणात शिरे, आता राजीनामा देऊन बाहेर पडतो. शब्द तोच, दार उलटे. माझ्या भाच्याने पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या अर्थाचा लिहून खिशात ठेवला होता, तो मी काढून घेतला.

त्यानंतर गोत बसते. यात देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेजारच्या पेठांचे शेटे-महाजन आणि बलुतेदार सगळे येतात. हे सगळे तुम्हाला ओळखतात, हीच या पद्धतीची ताकद आणि हाच तिचा वैताग. लोहाराची उधारी राहिली असेल तर सभेआधी चुकती करा. सभेत निर्णय झाला की महजर, म्हणजे त्या निर्णयाचा कागद, लिहिला जातो आणि खाली प्रत्येकाची निशाणी येते. ओळीने. होय, कुणाची निशाणी आधी यावरून नवा वाद निघू शकतो. त्यासाठी हेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचावे. बलुतेदारांच्या तर कासाच, म्हणजे पायऱ्याच, ठरलेल्या: थोरली, मधली, धाकटी. कोण कुठल्या कासेत, हे मात्र गाव बदलले की बदलते. सोयरिकीला गेलेल्या सुताराने तिथली यादी वाचू नये.

हरलात तर खचू नका. ‘या थळी आमचे मन मानत नाही, दुसरे थळ द्यावे’ असे म्हणता येते. थळ म्हणजे निवाड्याची जागा. एक गोत झाले, दुसरे मागा, तिथून पैठणच्या ब्राह्मणसभेकडे जा, मग हुजुरात जा. मुले मोठी होतात, लग्ने होतात, वाद चालू राहतो. आजोबांनी सुरू केलेला वाद नातवाने चालवणे ही घराण्याची शोभा होती.

साक्षीपुरावा दोन्हीकडे सारखा झाला तर दिव्य. नवशिक्याने हे शक्यतो टाळावे. रवा दिव्यात तेल-तूप कढईत उकळतात, त्यात धातूचा तुकडा, म्हणजे रवा, टाकतात आणि तो तुम्ही हाताने काढायचा. आधी नखे काढतात, साबणाने हात धुतात, जुने वण लिहून घेतात. रवा काढला की हाताला पिशवी आणि पिशवीला मोहोर. तिसऱ्या दिवशी पंचांसमोर पिशवी सोडतात. हात शाबूत तर विडा तुमचा. विडा उचलायला हात लागतोच, त्यामुळे यात एक न्याय आहे असे मला वाटत आले आहे. तुम्हाला सौम्य प्रकार हवा असेल तर नदीत उभे राहून क्रिया करा. कृष्णेच्या पात्रात शपथेवर उभे राहायचे आणि मान्यवराने ज्याचा हात धरून बाहेर काढले तो खरा. आमच्या बैहरला कृष्णा नाही, म्हणून इथे हा मार्ग बंद आहे.

शेवटी हरणारा यजितखत लिहून देतो, म्हणजे आपण हरलो असे आपल्याच हाताने. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळते. आणि आता पाकीट उघडा. हरणाऱ्याकडून सरकार गुन्हेगारी घेते, हे समजण्यासारखे आहे. पण जिंकणाऱ्याकडूनही हरकी घेते. हरख झाला ना, मग द्या! दोन्ही बाजूंनी पैसे मिळणारा एकच पक्ष या सगळ्यात असतो, आणि तो विडा मागत नाही. पेठांतली भांडणे इतकी का लांबत, याचे उत्तर शोधायला फार खोल जायला नको.

शब्द जपून वापरा

विड्यापेक्षा स्वस्त आणि विड्यापेक्षा महाग पडणारी गोष्ट म्हणजे रामराम. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दैवज्ञ सोनारांनी एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणावे की ‘राम राम’, यावर पुणे दरबार अडून बसला. बरे, पुण्याची हद्द सोडून मुंबईला गेले तरी सुटका नाही. पुण्याच्या सांगण्यावरून मुंबईच्या इंग्रज कौन्सिलाने १७७९ साली हुकूम काढला, की सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये. त्याच वर्षी वडगावला याच इंग्रजांची आणि मराठ्यांची लढाई झालेली. तोफा डागल्या तरी शिष्टाचाराच्या पत्रांना उत्तर द्यायचे, ही त्या काळची रीत मला फार आवडते. पेशवाई गेली, वाद राहिला. १८२२ ते १८२५ पर्यंत पुण्यात सोनार आणि ब्राह्मण यांच्या मानाचा कज्जा नव्या साहेबापुढे चालला. साहेबाला बिचाऱ्याला वाटले असेल, सोन्याच्या कसाचा वाद आहे.

दुकान उचलणे

पेठेतल्या सगळ्यांचे एकदा तरी एकमत होते. कोतवालाविरुद्ध, जकातीविरुद्ध किंवा वेठबिगारीविरुद्ध. अशा वेळी दुकान उचला आणि चालू लागा. पेठ रिकामी झाली की सरकारचा मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा कर, बुडतो आणि मग तेच सरकार कौल घेऊन मागे धावते. याचा उत्तम नमुना सुरतेचा. १६६९ च्या सप्टेंबरात काझीच्या जाचाला कंटाळून भीमजी पारेखच्या पुढारीपणाखाली आठ हजार वाणी शहर सोडून भरुचला गेले. व्यवहार ठप्प झाला. औरंगजेबाकडून आश्वासन आले तेव्हा डिसेंबरात परतले. नवशिक्याने एक ध्यानात ठेवावे. बाहेर जाताना आठ हजारांत भांडण नव्हते. परत येताना पुढे कोण चालले, याची नोंद मला सापडलेली नाही, पण कुणीतरी चाललेच असेल.

पैशाची अडचण असेल तर सुरतेकडूनच आणखी एक शिका. एखाद्या धंद्याच्या पंचांनी ठरवायचे, अमक्या दिवशी सगळी दुकाने बंद, फक्त एक उघडे. ते एक कुणाचे, याची बोली लावायची. बोलीचे पैसे संघाच्या पेटीत. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मामा, इथे बंद पुकारला की सगळ्यांचीच मागची दारे उघडी असतात. बोली कशाची लावू?”

परदेशी पद्धत

विलायतेत काही वेगळे नव्हते. लंडनच्या मिरवणुकीत सहावा नंबर शिंप्यांच्या संघाचा की कातडी-फर विकणाऱ्यांचा, यावर रक्त सांडायची वेळ आली. १४८४ साली महापौर रॉबर्ट बिल्सडनने निवाडा दिला: एक वर्ष हे सहावे, ते सातवे; पुढच्या वर्षी उलट. शिवाय दरवर्षी दोघांनी एकमेकांना जेवायला घालायचे. हे अजून चालू आहे. पाचशेहून अधिक वर्षे!

आमच्या पंचांना हे सुचले नाही असे नाही. पाटीलकीच्या वाटणीत पाळी होतीच. पण लंडनच्या महापौराला हरकी मिळत नव्हती, आणि निवाडा न संपण्यात त्याचे काही अडकलेले नव्हते, असे मला वाटते. भाच्याला मी हीच युक्ती सुचवली: खुर्च्या पाळीने द्या. तो उत्साहाने गेला आणि तासाभरात परत आला. पाळी सगळ्यांना मान्य आहे. पहिली पाळी कुणाची, एवढेच राहिले आहे.

जोडपत्र: करीन्याचा नमुना

(रिकाम्या जागा भराव्यात. दुष्काळ वगळू नये.)

श्री. करीना लिहून दिला ऐसा जे, मौजे बैहर येथील बैठकीत चहाचा पहिला कप आपले वडिलांपासून आपला. मध्ये ...... साली दुष्काळ पडला, दूध मिळेना, बैठका बंद झाल्या, आपण गोंदियास गेलो. माघारी आलो तों आपले खुर्चीवर ...... बसले आहेत आणि बशीतून पितात. आपण उगीच राहिलो नाही, तेच दिवशी तंटा केला. यास साक्षी चहावाला व शेजारचा परीट. साहेबीं मनास आणून पहिला कप पहिलेप्रमाणे आपणास देवविला पाहिजे. दुसरा कप समोर आला असतां आपण घेतला नाही, निवू दिला, हे सर्वांस ठाऊक आहे.

निशाणी तागडी.